स्वमग्न मुलांचे भाषाशिक्षण : ‘नको’ या शब्दाच्या निमित्ताने

मराठी समीक्षेत ‘आत्ममग्न’ हे विशेषण कवीला लावले की ते बहुधा स्तुतीचे असते. तेच विशेषण थोड्या फरकाने, ‘स्वमग्न’ असे होऊन, चार वर्षांच्या मुलाला लागते तेव्हा घरातली माणसे बोलायची थांबतात. ‘ऑटिझम’ला आपल्याकडे रूढ झालेला हा प्रतिशब्द तसा मूळ शब्दाला धरूनच आहे. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. त्यावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही संज्ञा घडवली, तीही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. शब्द प्रामाणिकपणे भाषांतरित झाला, पण त्याबरोबर एक चित्रही आले : मूल आत बसले आहे, दार आतून लावलेले आहे आणि बाहेर उभ्या राहिलेल्यांनी ते कसेही करून उघडायचे आहे. भाषा शिकवण्याच्या पद्धतींवर या चित्राचा जेवढा परिणाम झाला आहे तेवढा क्वचितच एखाद्या संशोधनाचा झाला असेल.

मी मराठी शिकवते. मानसोपचार किंवा वाचोपचार हे माझे क्षेत्र नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करते आहे, कारण यातला एक मोठा भाग निव्वळ भाषेचा, किंबहुना मराठीच्या व्याकरणाचा आहे, आणि तो कोणीच आपला मानलेला नाही. थेरपिस्ट म्हणतात, आमचे साहित्य इंग्रजीतून येते. मराठीचे प्राध्यापक म्हणतात, तो वैद्यकाचा प्रश्न आहे.

प्रारंभ लिओ कॅनर यांच्यापासून करावा लागतो. १९४३ साली त्यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि बालवयातील स्वमग्नतेची स्वतंत्र ओळख वैद्यकाला करून दिली. त्या निबंधात डोनाल्ड नावाच्या मुलाची एक हकिकत आहे. वडील त्याला ‘हो’ आणि ‘नाही’ शिकवू पाहत होते. ‘तुला खांद्यावर घेऊ का?’ असे त्यांनी विचारले. मुलाने प्रश्नच परत म्हटला. ती त्याची संमती देण्याची रीत होती. वडील म्हणाले, घ्यायला हवे असेल तर ‘हो’ म्हण. तो ‘हो’ म्हणाला. पण त्यानंतर बराच काळ त्याच्या भाषेत ‘हो’ या शब्दाचा अर्थ ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच राहिला.

भाषाविज्ञानाच्या तासाला शब्द आणि अर्थ यांच्या यादृच्छिक संबंधाबद्दल आपण बरेच बोलतो; तो संबंध जुळताना इतका उघडा फार क्वचित दिसतो. डोनाल्डला भाषा येत नव्हती असे नव्हे. त्याला शब्द त्याच्या प्रसंगासकट आला होता. कॅनर यांच्याच निबंधातील दुसरा एक मुलगा कुत्र्याला गच्चीवरून टाकू नकोस अशा आशयाचे वाक्य असंबद्ध वाटेल अशा जागी म्हणत असे. शोध घेतल्यावर कळले, की आईने पूर्वी एका खेळण्यातल्या कुत्र्यावरून त्याला तसे दटावले होते. म्हणजे मुलाचे वाक्य निरर्थक नव्हते. त्याचा अर्थ लावायला लागणारा संदर्भ फक्त आईजवळ होता, इतकेच. दुर्बोध कवितेबद्दल आपण विद्यार्थ्यांना जे धीराने सांगतो, तेच इथे मुलाबद्दल सांगायला हवे होते. पुढची तीसेक वर्षे तसे फारसे कोणी सांगितले नाही.

त्या काळात वर्चस्व होते ते वर्तनवादाचे. आपल्या एम. ए.च्या भाषाविज्ञानाच्या पेपरात बी. एफ. स्किनर यांचा १९५७ चा ‘व्हर्बल बिहेवियर’ हा ग्रंथ केवळ पराभूत होण्यासाठी येतो. १९५९ मध्ये चॉम्स्की यांनी त्याचे परीक्षण लिहिले आणि विषय संपला, असे आपण दहा मिनिटांत उरकतो. प्रत्यक्षात तो संपलेला नाही. स्वमग्न मुलांच्या वर्गांमध्ये स्किनर आजही रोज शिकवला जातो, आणि त्याची काही कारणे चांगली आहेत. स्किनर यांनी शब्दाचे वर्गीकरण त्याच्या व्याकरणिक जातीवरून न करता त्याच्या कामावरून केले. तहान लागल्यावर मागण्यासाठी म्हटलेले ‘पाणी’, नळ दिसल्यावर ओळख म्हणून म्हटलेले ‘पाणी’, दुसऱ्याने म्हटले म्हणून मागून म्हटलेले ‘पाणी’ आणि ‘मासा कुठे राहतो?’ याचे उत्तर म्हणून आलेले ‘पाणी’ ही चार वेगवेगळी कृत्ये आहेत. एक आले म्हणजे दुसरे येतेच असे नाही. ज्यांनी स्वमग्न मूल जवळून पाहिले आहे त्यांना हे पुस्तकी वाटणार नाही. पन्नास चित्रांची नावे अचूक सांगणारे मूल तहानेने व्याकूळ होऊन जमिनीवर लोळते आणि ‘पाणी’ म्हणत नाही.

याच परंपरेतील इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. १९ मुलांना आठवड्याला ४० तास, दोन वर्षे किंवा अधिक काळ, एकेकटे शिकवले. त्यांतील ९ मुले सामान्य शाळेच्या पहिलीत बसू शकली. आजही अनेक केंद्रांच्या माहितीपत्रकांत ही आकडेवारी या ना त्या रूपाने डोकावते. दोन गोष्टी मात्र माहितीपत्रकांत नसतात. एक म्हणजे, कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. दुसरी, त्या पद्धतीत चूक केल्यावर जोरात ‘नो’ म्हणणे आणि मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता. पुढे चापट गेली. ‘नो’ पुष्कळ ठिकाणी राहिला. मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींनीच अलीकडे या पद्धतीवर जी टीका केली आहे तिचा रोख भाषा शिकवली यावर नाही, आज्ञापालन हेच भाषेच्या नावाखाली शिकवले यावर आहे. मला ही टीका रास्त वाटते. ‘याला हात लाव’, ‘तसे कर’, ‘हे काय आहे?’ या तीन वाक्यांवर चालणारा वर्ग मुलाला उत्तरे देणारा बनवतो, विचारणारा नाही.

कार्यक्षम पद्धत कोणती, असा प्रश्न पालक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा ‘किती महिन्यांत किती शब्द’ हे माप असते. त्यांना दोष देता येत नाही. पैसे आणि वर्षे दोन्ही निसटत असतात. पण मोजायचेच असेल तर कोणीही न विचारता मुलाने दिवसभरात किती वेळा कोणाकडे तरी काही सांगितले हे मोजावे. शब्दाने, चित्राने, हाताला धरून ओढून, कसेही.

या दृष्टीने अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ च्या सुमारास डेलावेअरमध्ये विकसित केलेली चित्रांच्या देवघेवीची पद्धत, जी ‘पेक्स’ या नावाने ओळखली जाते, मला मोलाची वाटते. त्यात पहिला धडा नाव ओळखण्याचा नसतो. मुलाला हवी असलेली वस्तू समोरच्या माणसाकडे असते. मुलाच्या मागे बसलेला दुसरा माणूस त्याचा हात धरून चित्र उचलायला आणि ते समोरच्याच्या हातात ठेवायला मदत करतो. ‘काय पाहिजे?’ असे समोरच्याने मुद्दामच विचारायचे नसते, कारण विचारले की मूल प्रश्नाची वाट पाहायला शिकते. चित्रे वापरल्याने मूल बोलायचे राहील, ही भीती आपल्याकडे सर्रास आढळते. उपलब्ध अभ्यासांचा कौल तसा नाही. बोलणे त्यामुळे खुंटते असे दिसत नाही आणि काही मुलांत ते थोडे वाढतेही. शिवाय शालेय वयापर्यंत सुमारे पाव ते एकतृतीयांश स्वमग्न मुलांना फारच थोडे बोलता येते, हे लक्षात घेतले तर बोलणे हीच एकमेव भाषा मानण्याचा हट्ट क्रूर ठरतो.

आता मराठीकडे येते. या पद्धतीत पुढच्या टप्प्यावर मूल एका पट्टीवर चित्रे लावून वाक्य करते. इंग्रजीत ‘आय वाँट’ हे एक कार्ड पुढे आणि वस्तूचे कार्ड त्याच्या मागे, झाले वाक्य. हेच जसेच्या तसे उचलले की ‘मला पाहिजे – चेंडू’ अशी उलटी मराठी तयार होते. ती कोणी घरात बोलत नाही, त्यामुळे मुलाने पट्टीवर केलेले वाक्य त्याला घरात ऐकू येत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून चौकट दोन्ही बाजूंनी लागते : ‘मला – चेंडू – पाहिजे’. क्रियापद कोणते घ्यावे हाही प्रश्नच. ‘हवा’ घेतला तर चेंडू हवा, बाहुली हवी, दूध हवं. म्हणजे मागायला शिकण्याआधी लिंगव्यवस्था शिकायला हवी. ‘पाहिजे’ वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही, तेव्हा पहिल्या धड्याला तेच बरे. त्याहून सोपे ‘दे’ : ‘चेंडू दे’. त्यात समोरचा माणूसही आपोआप येतो, कारण देणारा कोणीतरी असल्याशिवाय ‘दे’ म्हणता येत नाही. आणि मालवणी घरातल्या मुलाला ‘पाहिजे’ तरी कशासाठी? त्याची आजी ‘माका व्हया’ म्हणते. वऱ्हाडात ‘मले पायजे’. जी भाषा मुलाच्या कानावर दिवसभर पडते तिचीच चौकट त्याला द्यावी, प्रमाणभाषा नंतर पाहता येईल.

सर्वांत मोठा घोटाळा ‘नो’च्या भाषांतरात होतो. इंग्रजीत ‘हा चेंडू आहे का?’ आणि ‘चेंडू हवा का?’ या दोन्ही प्रश्नांना ‘नो’ हे एकच उत्तर चालते. मराठीत पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘नको’. वस्तुस्थिती नाकारणे आणि इच्छा नाकारणे यांत आपली भाषा स्पष्ट भेद करते, आणि ज्या मुलाला एका शब्दाची अनेक कामे जड जातात त्याच्यासाठी हा भेद म्हणजे वरदान आहे. डोनाल्डची अडचण आठवून पाहावी. तरीही मराठी मुलांच्या हाती पडणाऱ्या कार्डांवर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच असते, कारण मूळ संचात ‘येस’ आणि ‘नो’ होते! ‘हवं’ आणि ‘नको’ ही जोडी मुळात तिथे नव्हतीच, त्यामुळे भाषांतरातही आली नाही.

‘नको’ हा शब्द मूल ऐकत नाही असेही नव्हे. उलट सगळ्यांत जास्त तोच ऐकते : पळू नको, हात लावू नको, ओरडू नको. घरातला आणि वर्गातला ‘नको’ नेहमी मोठ्यांच्या मालकीचा असतो. तो मुलाच्या मालकीचा करणे हा माझ्या मते कोणत्याही भाषाशिक्षणाचा पहिला महिनाभराचा कार्यक्रम असावा. यामागे भावनेपेक्षा भक्कम आधार आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की मुलांचे ओरडणे, मारणे, स्वतःला इजा करणे यांमागे अनेकदा ‘हे जमत नाही’ किंवा ‘माझ्याकडे लक्ष द्या’ असा सरळ निरोप असतो, आणि तोच निरोप सांगण्याचे शब्द शिकवले की ते वर्तन कमी होते. पानातली भाजी भिरकावणाऱ्या मुलाला ‘नको’ म्हणता आले आणि (हे महत्त्वाचे) त्याने नको म्हटल्यावर ती खरोखर वाढली गेली नाही, तर भिरकावण्याचे काम संपते. नको म्हणायला शिकवायचे आणि त्या ‘नको’ला मान द्यायचा नाही, ही फसवणूक मूल दोन दिवसांत ओळखते. एका बाजूला आपण विद्यार्थ्यांना विद्रोही कवितेतला नकार शिकवतो!

ऐकलेले जसेच्या तसे परत म्हणणे, ज्याला इकोलेलिया म्हणतात, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. अनेक वर्षे तो खोड मानून मोडून काढला जात असे. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्यूकन यांनी अशा पुनरुक्तींचा बारकाईने अभ्यास करून तिची सात निरनिराळी कामे नोंदवली : बोलण्यातली आपली पाळी घेणे, होकार देणे, मागणे, स्वतःशी घोकणे वगैरे. भुकेलेले मूल ‘तुला भूक लागली का?’ असे म्हणते, कारण भुकेच्या प्रसंगी हेच वाक्य त्याला ऐकू आलेले असते. त्याला ‘तुला नाही, मला म्हण’ असे दुरुस्त करण्यात अर्थ नाही. त्या दुरुस्तीत ‘मला’ म्हणजे कोणाला, हा गुंता आणखी वाढतो. त्याच्या बाजूने ‘मला भूक लागली’ एवढेच म्हणावे आणि ताट वाढावे.

सर्वनामांची ही उलटापालट इंग्रजीत एका शब्दात दिसते. मराठीत ती क्रियापदाच्या शेपटीत लपते. ‘जेवलास?’ या प्रश्नात ‘तू’ नाहीच. तो ‘स’मध्ये आहे. मूल ‘जेवलास’ म्हणाले तर सर्वनामे मोजणाऱ्या इंग्रजी तक्त्यात ती चूक सापडणारच नाही. त्यात आपली मोठी माणसे भर घालतात. ‘आपण औषध घ्यायचं हं’ असे आई म्हणते तेव्हा औषध एकटे मूलच घेणार असते. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि जातो. नारळ फोडायचा असतो तेव्हा तो ‘वाढवतो’. ज्याला अभिधेचाच आधार आहे अशा मुलापुढे लक्षणा-व्यंजनेने भरलेले हे घर उभे असते. अशा घरात निदान काही महिने ‘मी घरी जातो’ असे म्हणून जावे. अशुभ मानणाऱ्यांनी मनात ‘येतो’ म्हणावे.

मात्र इकोलेलियाला अर्थ असतो एवढ्यावरून नवे पंथही उभे राहू नयेत. मूल अखंड वाक्ये आधी आत्मसात करते आणि नंतर ती मोडून शब्द मिळवते, या कल्पनेवर आधारलेली एक पद्धत, मार्ज ब्लँक यांच्या २०१२ च्या पुस्तकानंतर, बरीच लोकप्रिय झाली. निरीक्षण सुंदर आहे. काही मुले असे शिकतातही. पण त्या पद्धतीने शिकवल्यास अधिक लाभ होतो याला पुरेसा पुरावा नाही, असे संशोधक अलीकडे स्पष्टपणे सांगत आहेत.

आपण साहित्याची माणसे आणखी एका मोहाला चटकन बळी पडतो. मूक मूल आतून कवी आहे आणि योग्य हात मिळताच कविता टाइप करू लागते, ही कथा आपल्याला हवीहवीशी वाटते. ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ या पद्धतीत मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरे दाबून घेतली जात. १९९० च्या दशकात तिची कठोर परीक्षा झाली. मूल आणि मदतनीस यांना वेगवेगळी चित्रे दाखवली. टाइप झाले ते मदतनिसाने पाहिलेले चित्र. अमेरिकेतील वाचा-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या ‘आशा’ या संघटनेने १९९४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये या पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली. २०१८ मध्ये तिने सोमा मुखोपाध्याय यांच्या ‘रॅपिड प्रॉम्प्टिंग’ पद्धतीचीही शिफारस करता येत नाही असे म्हटले. मुलाच्या तोंडी आपले वाक्य घालणे हा त्याचा ‘नको’ हिरावण्याचाच सभ्य प्रकार आहे. हात न धरता, एकट्याने दाबलेल्या चित्राचे एक बटण दुसऱ्याने लिहवून घेतलेल्या संग्रहापेक्षा मी अधिक मानीन.

या सगळ्याहून निकडीचा प्रश्न मात्र घरातल्या भाषेचा आहे. आमच्या विभागातील एका सहकारी बाईंना मुलाच्या निदानानंतर एका केंद्रात सांगितले गेले, की घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी तो गोंधळेल. असा सल्ला मिळालेली मराठी घरे शहरांतून थोडी नाहीत. तो चांगल्या हेतूने दिला जातो, पण त्याला आधार नाही. गेल्या दीड-दोन दशकांतील अनेक अभ्यासांत दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुले एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडलेली आढळलेली नाहीत. उलट घरची भाषा काढून घेतली की काय होते ते त्या घरात दिसले : आई इंग्रजीत बोलू लागली आणि त्यामुळे कमी बोलू लागली, बाबा आज्ञार्थी इंग्रजीपुरते उरले, आजी गप्प झाली. मुलाशी बोलणारी तीन माणसे होती, त्यांची एक उरली, तीही अडखळत. आता बाईंनी तो सल्ला बाजूला ठेवला आहे. मूल आजीला ‘दे’ म्हणते.

घरातली माणसेच मुख्य शिक्षक होऊ शकतात याचा पुरावा दूरचा नाही, गोव्याचा आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. गोव्यात ‘संगत’ ही संस्था त्यात होती. २ ते ९ वर्षांची ६५ मुले. त्यांतील निम्म्यांच्या पालकांना सहा महिन्यांत १२ सत्रे. शिकवणारे पदवीधर थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण करायचे, ते पालकाबरोबर बसून पाहायचे आणि मूल कुठे काही सांगू पाहत होते, आपण कुठे घाई केली, हे शोधायचे. पालकांचे मुलाशी जुळवून घेणे स्पष्टपणे वाढले आणि मुले आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र घटला; हेही त्या अहवालात लपवलेले नाही. मला त्यातली मूळ कल्पना फार पटते : पालकाला मुलाचे बोलणे, न बोलणेसुद्धा, संहितेसारखे पुन्हा पुन्हा पाहायला शिकवणे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यताप्राप्त २१ दिव्यांगत्वांमध्ये स्थान दिले. १९९५ च्या कायद्यात ते नव्हते. साधनेही येत आहेत. मुंबई आयआयटीच्या आयडीसीने विकसित केलेले ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलते करणारे अ‍ॅप मराठीतही आहे. अशा साधनांत कोणती मराठी भरायची हे ठरवायला मराठीच्या विभागांनी पुढे यायला हरकत नसावी. तीन वर्षांचे मूल आणि त्याच्या घरची माणसे प्रत्यक्षात कोणते दोन-तीनशे शब्द सर्वाधिक वापरतात, याची बोलीवार यादी करणे हा एखाद्या एम. ए.च्या विद्यार्थ्याला झेपणारा प्रकल्प आहे. ‘पाणी’ शिकलेल्या मुलाला ‘पाण्यात’ हा त्याच शब्दाचा अवतार आहे हे चित्राने कसे दाखवायचे, याचा विचार सामान्यरूप शिकवणाऱ्यांनीच करायचा. ‘मला विश्रांतीची आवश्यकता आहे’ असली वाक्ये बटणामागे भरली जाऊ नयेत, ‘बास’ पुरेल. आणि ‘मी दमलो’ हे वाक्य भरताना शेजारीच ‘मी दमले’ही भरावे लागेल, कारण मुलीच्या हातातली पाटी मुलाच्या लिंगात बोलून चालणार नाही.